ढोल आणि अक्षर : पांगलेल्या आफ्रिकेचा सांस्कृतिक लढा

१७४० साली दक्षिण कॅरोलायना या अमेरिकेतील इंग्रज वसाहतीने गुलामांसाठी एक सविस्तर कायदा केला. गुलामाने कोठे जावे, कोणाबरोबर जमावे, अंगावर कोणत्या प्रतीचे कापड घालावे, इथपर्यंतचे नियम त्यात आहेत. या कायद्यातील दोन कलमे आपण एकत्र वाचली पाहिजेत. एका कलमाने गुलामांना ढोल, शिंगे आणि मोठा आवाज करणारी वाद्ये बाळगण्याची व वाजवण्याची मनाई केली. दुसऱ्या कलमाने गुलामाला लिहावयास शिकवणाऱ्याला शंभर पौंड दंड ठेवला. ढोल आणि अक्षर या दोन गोष्टी एकाच कायद्याने गुन्हा ठरवल्या.

याला तसेच कारण घडले होते. ९ सप्टेंबर १७३९ रोजी, रविवारी, स्टोनो नदीजवळ वीसेक गुलाम जमले. त्यांनी एक दुकान फोडून बंदुका हस्तगत केल्या आणि ते दक्षिणेकडे निघाले. दक्षिणेला फ्लोरिडा स्पॅनिश अमलाखाली होता आणि इंग्रजांकडून पळून येणाऱ्या गुलामांना तेथे स्वातंत्र्याचे आश्वासन होते. वाटेत त्यांनी निशाण उभारले, ढोल वाजवला आणि ढोल ऐकून शेजारच्या मळ्यांवरचे गुलाम येऊन मिळत गेले. मळेवाल्यांच्या सशस्त्र टोळीने त्यांना गाठले आणि उठाव चिरडला. परंतु मालकवर्गाच्या एक गोष्ट लक्षात आली. आपण ज्याला गोंगाट समजत होतो ती भाषा आहे आणि ती आपल्याला कळत नाही. लिहिलेल्या अक्षराचेही तसेच होते. लिहिता येणारा गुलाम स्वतःच्या प्रवासाचा परवाना स्वतः लिहू शकत होता. मालकाच्या नकळत माणसाला माणसाशी जोडणारी म्हणून ही दोन्ही साधने बंद करण्यात आली.

आफ्रिकेबाहेर पांगलेल्या काळ्या माणसाने जे संगीत, जो धर्म आणि जे वाङ्मय उभे केले त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी या दोन बंदीहुकमांचा आणि ते मोडून काढण्याचा इतिहास आहे. आपल्या चळवळीने या माणसांशी नाते सांगितले आहे. म्हणून तो इतिहास नीट समजून घेणे आपले काम ठरते.

जहाजांचा हिशेब

सोळाव्या शतकाच्या आरंभापासून एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत, म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षे, अटलांटिक महासागरावरून हा व्यापार चालला. जहाजांच्या नोंदींवरून इतिहासकारांनी काढलेला अंदाज असा की, सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांवर चढवण्यात आली आणि एक कोटी सात लाखांच्या आसपास माणसे पलीकडच्या किनाऱ्याला जिवंत उतरली. मधली सुमारे अठरा लाख माणसे समुद्रात गेली. पोर्तुगीज, इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश, डच, डॅनिश असे युरोपातले बहुतेक दर्यावर्दी देश या धंद्यात होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील काही राजे आणि दलालही होते, हेही लपवण्याचे कारण नाही.

आपल्याकडे ‘अमेरिकेतील काळे’ म्हटले की फक्त संयुक्त संस्थाने डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात आफ्रिकेतून थेट तेथे उतरवलेली माणसे चार लाखांहून कमी होती. एकट्या ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख उतरवली गेली. उरलेल्यांपैकी बहुतेक कॅरिबियन बेटांवर आणि भोवतालच्या वसाहतींत गेली. कारण उघड आहे. जगाला साखर हवी होती. ऊसमळ्यावर माणूस काही वर्षांतच झिजून मरत असे आणि मेलेल्याच्या जागी नवा विकत आणणे मालकाला स्वस्त पडत असे.

व्यापाऱ्यांनी हिशेब चोख ठेवले म्हणून आज हे आकडे सांगता येतात. पण त्या वह्यांत माणसे संख्येने आहेत, नावाने नाहीत. १७८१ साली ‘झाँग’ नावाच्या इंग्रजी जहाजावरून एकशे तीसहून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकण्यात आली. १७८३ साली हे प्रकरण लंडनच्या न्यायालयात आले ते खुनाचा खटला म्हणून नव्हे, तर विम्याचा दावा म्हणून. बुडालेल्या मालाची भरपाई विमेवाल्याने द्यायची की नाही, एवढाच तेथे प्रश्न होता.

अशा रीतीने नाव, भाषा, कुळ आणि गाव गमावलेली माणसे एका मळ्यावर एकत्र लोटली गेली. त्यांत योरुबा होते, अकान होते, काँगोचे होते. एकाची बोली दुसऱ्याला कळत नव्हती. यांना संस्कृती नव्हतीच, किंवा होती ती समुद्रातच बुडाली, असे गोऱ्या पंडितांनी पुढे दीर्घकाळ सांगितले. वस्तुस्थिती वेगळी होती.

बंदीतला ढोल

हाइतीचे उदाहरण घेऊ. सॅन-दोमिंग ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत ऊस-वसाहत. १७९१ च्या ऑगस्टमध्ये तेथील गुलामांनी उठाव केला. या उठावाआधी रानात रात्री जी सभा भरल्याचे सांगितले जाते, ती व्होदू या त्यांच्या धर्माची सभा होती आणि बुकमन हा तिचा एक पुढारी होता. निरनिराळ्या बोलींच्या माणसांना एकत्र आणण्याचे काम तेथे त्या धर्माने आणि त्याच्या ढोलाने केले. पुढे तूसें लूव्हर्त्यूर आणि देसालीन यांच्या नेतृत्वाखाली या माणसांनी नेपोलियनच्या फौजेचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हाइती स्वतंत्र झाला. १८०५ च्या घटनेत त्यांनी लिहून ठेवले की, या देशाचे सर्व नागरिक, त्यांचा वर्ण कोणताही असो, यापुढे ‘काळे’ म्हणून ओळखले जातील. शिवी होती ती नागरिकत्वाची संज्ञा झाली. या अपराधाची शिक्षाही जबर होती. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका पाठवून पंधरा कोटी फ्रँकची भरपाई मागितली. पुढे ती नऊ कोटींवर आली. मालकांचे गुलाम गेले, त्याची भरपाई सुटलेल्या गुलामांनी द्यायची! त्यासाठी काढलेल्या कर्जांची फेड १९४७ पर्यंत चालू होती.

ब्राझीलमध्ये पळालेल्या गुलामांनी डोंगरात वसवलेले पाल्मारेस हे स्वतंत्र राज्य सतराव्या शतकात जवळजवळ शंभर वर्षे टिकले. त्याचा अखेरचा नायक झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला. तो दिवस ब्राझीलमध्ये आता काळ्यांच्या जाणिवेचा दिवस म्हणून पाळला जातो आणि २०२४ पासून ती देशभर सुटी आहे. मळ्यांवर राहिलेल्यांनी योरुबा देवता ख्रिस्ती संतांच्या नावाआड जपल्या. त्यातून कांदोंब्ले हा धर्म उभा राहिला. १८८८ साली गुलामी कायद्याने संपली, पण ढोलावरचा पहारा संपला नाही. पोलिस या पूजास्थानांवर धाडी घालीत, ढोल आणि पूजेच्या वस्तू जप्त करीत. रिओ शहरातील अशा पाचशेहून अधिक वस्तू पोलिसांच्या संग्रहालयात गुन्ह्याचा पुरावा म्हणून पडून होत्या. २०२० साली त्या तेथून काढून प्रजासत्ताकाच्या इतिहास-संग्रहालयाकडे सोपवण्यात आल्या. एका समाजाचे देव शंभर वर्षे पोलिसांच्या ताब्यात होते, असा याचा सरळ अर्थ आहे.

उत्तर अमेरिकेत ढोल गेला तेव्हा शरीराचाच ढोल झाला. मांडी, छाती आणि तळहात यांवर ताल धरणे सुरू झाले. रात्रीच्या प्रार्थनासभेत माणसे गोल फेर धरीत, पाय घासत सरकत, आणि एक जण झाडूचा दांडा फळ्यांच्या जमिनीवर आपटून ठेका धरी. मालकाच्या बायबलातल्या गोष्टी त्यांनी घेतल्या, पण निवड स्वतःची केली. मिसरच्या दास्यातून सुटणाऱ्या इस्रायली लोकांची कथा त्यांना आपली वाटली. ही गाणी पुढे ‘स्पिरिच्युअल’ म्हणून जगाला माहीत झाली. ती जगापुढे कशी आली हेही सांगण्यासारखे आहे. गुलामी संपल्यावर १८६६ साली नॅशव्हिल येथे मुक्त झालेल्यांसाठी फिस्क ही शाळा निघाली. ती पैशाअभावी बंद पडायच्या बेतात असताना १८७१ साली तिचे नऊ विद्यार्थी गावोगाव गात निघाले. गुलामीतल्या त्या गाण्यांनी युरोपपर्यंत मजल मारली आणि शाळेची इमारत उभी केली. अक्षराला जगवण्यासाठी येथे गाणे धावून आले.

त्रिनिदाद बेटावरची हकीकत सर्वांत बोलकी आहे. इंग्रजी वसाहतींतील गुलामी १८३८ साली पूर्णपणे संपली. मुक्त झालेली माणसे दरवर्षी मशाली आणि ढोल घेऊन रस्त्यावर उतरू लागली. १८८१ साली पोलिसांनी त्यांना अडवले आणि मोठी चकमक झाली. त्यानंतर कायद्याने ढोल व मशालींवर बंदी आली. (याच बेटावर १८८४ साली भारतातून नेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या ताबुतांच्या मिरवणुकीवर सरकारने गोळ्या झाडून अनेकांना ठार केले, हेही आपण ध्यानात ठेवावे. राज्यकर्त्याला भय एकट्या काळ्यांच्या ढोलाचे नव्हते.) चामड्याचा ढोल गेला तेव्हा लोकांनी बांबूची लहानमोठी नळकांडी जमिनीवर आपटून निरनिराळे स्वर काढले. १९३० नंतर बिस्किटांचे डबे, कचऱ्याच्या डब्यांची झाकणे, असे जे हाती येईल ते त्यात आले. मग आली तेलाची रिकामी पिंपे. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा, त्यावर ठोकून एकेका स्वराची जागा बसवायची, आणि रबर गुंडाळलेल्या काठ्यांनी ती वाजवायची. पोर्ट ऑफ स्पेनच्या गरीब टेकड्यांवरील पोरांनी अशा रीतीने संपूर्ण सप्तक भंगारातून काढले. प्रतिष्ठित लोक या पोरांना गुंड म्हणत, पोलिस त्यांची पिंपे फोडीत. १९५१ साली त्यांतल्या निवडक वादकांचे पथक लंडनच्या महोत्सवात वाजवून आले. १९९२ साली स्टीलपॅन हे त्या देशाचे राष्ट्रीय वाद्य ठरले आणि २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा त्याचा जागतिक दिन म्हणून जाहीर केला.

या साऱ्याला ‘आफ्रिकेतून आलेला वारसा’ एवढेच म्हणणे अपुरे आहे. तेलाचे पिंप आफ्रिकेतून आले नव्हते. आली ती तालाची स्मृती. तिला दर बंदीनंतर नवे शरीर द्यावे लागले. ‘काळ्यांच्या रक्तातच संगीत असते’ असे सांगणारे लोक त्यांचे कौतुक करतात असे वाटते, परंतु ते हा सारा श्रमाचा आणि संघर्षाचा इतिहास पुसून टाकतात.

चोरून घेतलेले अक्षर

आता अक्षराकडे वळू. १७६१ साली पश्चिम आफ्रिकेतून सात-आठ वर्षांची एक मुलगी बोस्टनच्या बंदरात विकली गेली. ज्या जहाजाने तिला आणले त्याचे नाव ‘फिलिस’, विकत घेणाऱ्याचे आडनाव ‘व्हीटली’. तिचे नाव झाले फिलिस व्हीटली. स्वतःचे म्हणून काहीच उरले नाही. तिने इंग्रजी आणि लॅटिन आत्मसात केले आणि १७७३ साली तिचा कवितासंग्रह लंडनला छापला गेला. त्याच्या आरंभी बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठित गोऱ्या पुरुषांचे प्रमाणपत्र आहे. या कविता खरोखर याच मुलीने लिहिल्या आहेत, अशी ग्वाही त्यात दिली आहे. काळ्या माणसाने लिहिले तर त्याला साक्षीदार लागत होते.

१७८९ साली ओलाउडा इक्वियानोने आपले आत्मचरित्र लंडनला प्रसिद्ध केले. १८४५ साली फ्रेडरिक डग्लसचे आले. दोघांनीही मुखपृष्ठावर, हे लेखकाने स्वतः लिहिले आहे, असे मुद्दाम छापले. डग्लसचा जन्म १८१८ चा, मेरीलँडमधला. लहानपणी मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली. मालकाला कळताच त्याने तिला थांबवले. शिकला की हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. डग्लस लिहितो त्याचा आशय असा की, मालकाच्या या बोलण्यातूनच मला सुटकेची वाट कळली. पुढे तो रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्या बदल्यात अक्षरे शिकला. गोदीत लाकडांवर खडूने काढलेल्या खुणांवरून लिहायला शिकला. १८३८ साली तो पळाला. ज्या दक्षिण कॅरोलायनाने १७४० साली लिहिण्यास बंदी केली होती, तिने १८३४ साली वाचायला शिकवणेही गुन्हा ठरवले होते, हे येथे आठवले की त्या पावाच्या तुकड्याची किंमत कळते.

डग्लसने आणखी एक मोलाची गोष्ट केली. गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत, हा उत्तरेतल्या भल्या लोकांचा समज त्याने खोडून काढला. गुलाम सर्वांत जास्त गातो तो दुःखात, असे त्याने सांगितले. ज्याने ते गाणे आतून ऐकले होते त्याच्याच हाती लेखणी आली, म्हणून हे सांगितले गेले.

दोन्ही एकत्र

विसाव्या शतकात ही दोन साधने जाणीवपूर्वक एकत्र आणली गेली. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांचा काळ्यांच्या आत्म्याविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ १९०३ साली निघाला. त्यात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या शोकगीताच्या सुरावटीची एक ओळ छापली आहे. शब्द न देता केवळ स्वर दिले आहेत. शेवटच्या प्रकरणात ते आपल्या घरातल्या एका गाण्याची हकीकत सांगतात. त्यांच्या आजोबांची आजी आफ्रिकेतून धरून आणलेली होती. ती मुलाला मांडीवर घेऊन एक गाणे म्हणे. पुढच्या पिढ्या ते म्हणत राहिल्या. शब्दांचा अर्थ कोणालाच माहीत नव्हता, पण चाल कोणी चुकत नव्हते.

१९२० नंतर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत कवींची एक पिढी उभी राहिली. लँग्स्टन ह्यूजच्या १९२६ च्या पहिल्या संग्रहात ब्लूज या गाण्याचा ठेका कवितेत आला. क्यूबाच्या निकोलास गिय्येनने १९३० साली तेथील ‘सोन’ या नाचगाण्याच्या लयीत कविता लिहिल्या. त्याच दशकात पॅरिसमध्ये शिकणारे मार्टिनिकचे एमे सेझेर, सेनेगलचे सेंघोर आणि गियानाचे दामास यांनी ‘नेग्र’ या तुच्छतेच्या शब्दापासूनच ‘नेग्रित्यूद’ ही संज्ञा घडवली. शिवी उचलून तिचे निशाण करण्याची हाइतीची रीत येथे पुन्हा दिसते. या लेखकांमध्ये मतभेदही झाले. काळेपणाचे गुणगान करता करता आपण गोऱ्यांनीच ठरवलेल्या साच्यात अडकत तर नाही ना, हा प्रश्न त्यांच्याच पुढच्या पिढीने विचारला. जिवंत चळवळीत असे प्रश्न निघतातच.

पूर्वेचा समुद्र

अटलांटिकपेक्षा जुना एक मार्ग पूर्वेकडे, आपल्या समुद्रातून होता. त्या मार्गाने आलेल्यांना आपण हबशी आणि सिद्दी म्हणतो. मलिक अंबर हा इथिओपियात जन्मलेला मुलगा अनेकदा विकला जाऊन अहमदनगरला आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान स्वतः हबशीच होता. पुढे अंबर निजामशाहीचा कर्ता-करविता झाला. त्याने १६१० साली वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले. जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान १९४८ पर्यंत टिकले. येथे गुलामाला सत्तेपर्यंत वाट होती, ती अटलांटिकच्या पलीकडे नव्हती, हा फरक मान्य केला पाहिजे. परंतु एक अंबर वर चढला म्हणून बाकीच्यांची गुलामी सौम्य होती असे ठरत नाही.

त्या बाकीच्यांचे वंशज आज गुजरातेत आणि उत्तर कर्नाटकाच्या रानपट्ट्यात आहेत. गोव्यात पोर्तुगीजांनी आणलेल्यांपैकी पळालेले लोक घाटावरच्या जंगलात शिरले. ते कोकणी बोलतात, त्यांच्या बोलीत मराठी-कानडी शब्द मिसळलेले आहेत. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीत स्थान मिळाले. गुजरातच्या सिद्दींच्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात. हा शब्द आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ‘न्गोमा’ या शब्दावरून आला आहे आणि न्गोमा म्हणजे ढोल. त्यांच्याजवळ ‘मलुंगा’ नावाचे एक वाद्य आहे. धनुष्याला एक तार आणि भोपळा. ब्राझीलमध्ये कापोएरा खेळताना वाजते ते ‘बेरिंबाऊ’ हे वाद्यही असेच, धनुष्य, एक तार आणि भोपळ्याचे आहे. दोन महासागरांच्या दोन टोकांना एकाच खंडाची ही खूण उरली आहे.

आपल्या बाजूने पाहताना

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केला. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले. ड्यू बॉईस यांचे सहानुभूतीचे उत्तरही आले. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखडे यांनी काळ्यांचे साहित्य आपल्या लेखकांपुढे ठेवले. ‘निग्रो’ हा त्या काळी आपल्या लेखनात रुळलेला शब्द ते लोक आज स्वतःसाठी वापरीत नाहीत. ‘हरिजन’ शब्द नाकारणाऱ्या आपल्याला त्याचे कारण समजावून सांगावे लागू नये.

साम्य अक्षराच्या बाबतीत नेमके जुळते. ढोलाच्या बाबतीत मात्र ते उलटे आहे आणि येथेच आपण थांबून विचार केला पाहिजे. तेथे ढोल हिसकावून घेतला गेला. येथे तो आपल्या गळ्यात अडकवला गेला. गावच्या लग्नात, जत्रेत, मयतीत हलगी-डफडे वाजवणे हे मांगा-महारांच्या माथी जातीचे काम म्हणून मारले होते. देवळापुढे वाजवायचे आणि देवळाबाहेरच राहायचे. म्हणून तेथे ढोल जपणे हा विद्रोह होता, तर येथे हलगी खाली ठेवणे हा विद्रोह होता. ज्यांनी ती खाली ठेवली त्यांनी बहिष्कार सोसला, मार खाल्ला. त्यांच्या त्या नकाराला ‘लोककलेचा ऱ्हास’ म्हणून हळहळणारे सांस्कृतिक पंडित आज पुष्कळ भेटतात. त्यांनी स्वतःच्या मुलाच्या गळ्यात ती एकदा बांधून पाहावी.

परंतु गोष्ट एवढ्यावर संपत नाही. डफ आंबेडकरी जलशांत वाजला, अण्णाभाऊ साठ्यांच्या शाहिरीत वाजला. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी बाबासाहेबांचा विचार वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत पोहोचवला. पाटलाच्या हुकमाने वाजणारे डफडे आणि आपल्या सभेत आपल्या इच्छेने वाजणारा डफ यांचे चामडे एकच असेल, पण ती दोन वेगळी वाद्ये आहेत. पिंपाचा स्टीलपॅन करणाऱ्या त्रिनिदादच्या पोरांनी हेच दाखवले आहे. वाद्य कोणते याला महत्त्व नाही. ते कोणाच्या हुकमाने, कोणासाठी वाजते याला महत्त्व आहे.

आपण पँथरचे नाव घेतले, मूठ घेतली, ते योग्यच झाले. आता त्या माणसांनी ढोल आणि अक्षर यांची सांगड कशी घातली, हेही अभ्यासले पाहिजे. आपल्या वस्त्यांतली म्हातारी माणसे जी गाणी म्हणतात ती आपल्या विद्यार्थ्यांनी लिहून घेतली आहेत का? ज्यांचे शब्द कळत नाहीत, पण चाल पिढ्यान्पिढ्या टिकली आहे, अशी गाणी आपल्याकडेही असतील. ती कोणी परक्याने येऊन जमवायची आणि त्यांचा अर्थ त्यानेच लावायचा, की ती आतून ऐकणाऱ्याने लेखणी हाती घ्यायची, हे आपल्यालाच ठरवायचे आहे.